पक्षपाती निवेदक (दांपत्यकथेतील)

पक्षपाती निवेदक : घडलेली हकीकत सांगणारा, पण त्या भांडणात स्वतःच एक पक्ष असलेला निवेदक. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही व्यापक संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली. विस्कटलेला संसार आणि विवाहबाह्य संबंध या विषयाला हा निवेदक फार मानवतो, कारण घरात साक्षीदार दोनच असतात आणि कागदावर बोलायला एकालाच मिळते. तोल्स्तोयच्या ‘क्रॉइट्झर सोनाटा’त (१८८९) संशयापायी बायकोचा खून करून सुटलेला नवरा आगगाडीत सहप्रवाशाला सगळे ऐकवतो. ब्राझीलच्या मचादो द असिस यांच्या ‘दोम कास्मुर्रो’तल्या वकील नवऱ्याने बायकोवर घेतलेला आळ खरा की खोटा, हा वाद अजून मिटलेला नाही.

मराठीत असा निवेदक पकडला जातो तो बारीकसारीक शब्दांत. नवऱ्याला ‘हे’ म्हणणारी बायको मध्येच ‘तो’ म्हणू लागते. ‘आपण’ म्हणत निवेदक वाचकाला अलगद आपल्या बाजूला ओढतो. आणि ‘म्हणे’ तर फारच बोलके. समजा, नागपुरात धरमपेठेत राहणारा, बँकेत काउंटरवर बसणारा नवरा लिहितो : ‘मे महिन्यात भर दुपारी दोनला ती फुटाळा तलावाकडे निघाली.’ पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कूलर सोडून कोण बाहेर पडेल? नागपूरच्या वाचकाला लगेच तिचाच संशय येतो. निवेदकाला हवे तेच. पण दोन वाजता हा तर बँकेत होता, मग दिसले कोणाला? चार पाने मागे शेजारचे काका विचारून गेलेले असतात, ‘काऊन जी, वहिनी एवढ्या उन्हात कुठी गेल्या?’ म्हणजे मूळ वाक्य ‘निघाली म्हणे’ असे असायला हवे होते. ‘म्हणे’ गाळले आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची झाली. स्वतःचे बोलणे प्रमाण मराठीत, बायकोचे तेवढे ‘मले-तुले’ करत लिहिणे, हाही पक्षपातच; फक्त तो बोलीवरच्या प्रेमाच्या नावाखाली खपून जातो.

एकाच पक्षाचे ऐकण्याची खोड कायद्यालाही होती. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ खाली व्यभिचाराची तक्रार संबंध ठेवणाऱ्या विवाहित स्त्रीच्या नवऱ्याला करता येई, परपुरुषाच्या बायकोला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले.

प्रथमपुरुषी कादंबरीत बायकोचे वाक्यही नवऱ्याच्याच अवतरणचिन्हांतून येते. रंगभूमीवर ही अडचण नसते. नागपूरचे नाटककार महेश एलकुंचवार यांच्या ‘आत्मकथा’ नाटकात एक वृद्ध, नामांकित लेखक तरुण संशोधक मुलीला आपले आयुष्य सांगतो. बायको आणि तिची धाकटी बहीण या दोघींशी असलेले त्याचे संबंध त्यात येतात. त्या दोघीही समोर उभ्या राहतात, आणि त्यांना आठवते ते वेगळेच असते.