राशी म्हणजे आकाशाची मोजपट्टी

जन्मपत्रिका ही ज्योतिषातली बरीच उशिराची भर. मेसोपोटेमियात आकाश पाहिलं जाई ते राजासाठी. ‘एनूमा अनू एन्लिल’ या सुमारे ७० मृत्तिकापट्टांच्या संग्रहात हजारो शकुन आहेत, सगळे ‘अमुक दिसलं, तर तमुक घडेल’ अशा साच्यातले. ग्रहण लागलं की चंद्रबिंबाचे चार भाग कल्पून ते अक्कड, एलाम, अमुरू आणि सुबार्तू या प्रदेशांना वाटून दिलेले असत. सावली ज्या भागावर, संकट त्या प्रदेशावर. गुरू दिसत असेल तर राजा सुरक्षित. नसेल तर तोतया राजा गादीवर बसवायचा आणि पुढे त्याला ठार करायचं! म्हणजे शकुन हा इशारा होता, टाळता येण्याजोगा. अटळ विधिलिखित नव्हे.

या भीतीपोटी नोंदी साचत गेल्या. उपलब्ध निरीक्षण-रोजनिशींतली सर्वांत जुनी इ.स.पू. ६५२ ची आहे. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे १८ वर्षं ११ दिवसांनी, ग्रहणं त्याच क्रमाने परततात हेही बाबिलोनमध्ये कळलं होतं.

ग्रहांची गणितं करायला समान मापं हवीत, आणि तारकासमूह तर लहानमोठे. आजच्या खगोलशास्त्रीय सीमांनुसार सूर्य कन्येत सुमारे ४४ दिवस असतो, वृश्चिकात जेमतेम आठवडाभर. म्हणून इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस सूर्यमार्गाचे ३० अंशांचे १२ सारखे भाग पाडले गेले. त्यांना नावं तारकासमूहांची मिळाली, पण काम मोजपट्टीचं. ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या जन्मपत्रिका इ.स.पू. ४१० च्या; त्यांत ग्रहस्थिती आहे, लग्न नाही.

लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिबिंदू, ही पुढे ग्रीक अमलाखालच्या इजिप्तमधली भर. पृथ्वीच्या परिवलनामुळे तो सरासरी ४ मिनिटांत १ अंश सरकतो. जन्मवेळ अर्ध्या तासाने चुकली, तर लग्न सात-आठ अंशांनी हुकतं आणि राशीच्या सीमेजवळ असेल तर राशीच बदलते.

दुसरा घोळ मोजपट्टीच्या शून्याचा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत असल्याने वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य ज्या बिंदूवर असतो तो, दर ७२ वर्षांनी सुमारे १ अंश मागे सरकतो. सायन पद्धत मेषारंभ संपातावर धरते, निरयन पद्धत ताऱ्यांच्या संदर्भाने. आज दोन्हींत सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे; यालाच अयनांश म्हणतात. त्यामुळे १ एप्रिलला जन्मलेल्याचा सूर्य सायन गणिताने मेषेत, तर निरयन गणिताने मीनेत येतो. दोन पत्रिका जुळत नसतील, तर फलादेशावर वाद घालण्याआधी कोणता अयनांश धरला आहे ते पाहावं.