अप्पर सायलेशियाचा जर्मन-पोलिश करार (१९२२–३७)

फाळणी झालेल्या अप्पर सायलेशिया प्रदेशासाठी जर्मनी व पोलंड यांनी १५ मे १९२२ रोजी जिनीव्हा येथे केलेला, पंधरा वर्षे मुदतीचा करार. दोन महायुद्धांदरम्यान या शेजाऱ्यांचे फारसे कधी जमले नाही. तरीही ६०६ कलमांचा हा करार मुदत संपेपर्यंत टिकला.

कोळसा, जस्त आणि पोलादामुळे हा प्रदेश दोघांनाही हवा होता. २० मार्च १९२१ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मते जर्मनीला व ४० टक्के पोलंडला पडली. पण औद्योगिक पट्ट्यात शहरांचा कौल बहुधा जर्मनीकडे, तर भोवतालच्या अनेक खेड्यांचा पोलंडकडे होता. सरळ रेष ओढणे शक्यच नव्हते. मे महिन्यात वोइचेख कोर्फांती यांच्या नेतृत्वाखाली पोलिश उठाव झाला. अखेर राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) शिफारशीवरून फाळणी झाली. पोलंडला सुमारे एक-तृतीयांश भूभाग मिळाला, पण बहुतेक खाणी त्यातच होत्या. जर्मनीला कौल देणारे कातोवित्से शहरही पोलंडकडे गेले.

नवी सीमा खाणी, ट्राममार्ग व पाणीपुरवठा यांना छेदून गेली. एका देशात राहून दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्यांसाठी करारात तरतुदी होत्या. अल्पसंख्याकांच्या शाळा, भाषा व नागरिकत्व यांचेही संरक्षण होते. कातोवित्सेत स्विस राजकारणी फेलिक्स कालोंडेर यांच्या अध्यक्षतेखाली मिश्र आयोग, तर जर्मन हद्दीतील बॉयटेन येथे लवाद न्यायालय बसे. सामान्य माणसाला स्वतःच्याच सरकारविरुद्ध दाद मागता येई, हे त्या काळात विलक्षण होते.

करारामुळे वैर मिटले नाही. पोलिश कोळशाची जकातमुक्त आयात १९२५ च्या जूनमध्ये संपताच जर्मनीने ती रोखली आणि १९३४ पर्यंत चाललेले जकातयुद्ध पेटले. पोलंडने बाल्टिक किनाऱ्यावरील ग्दिनिया बंदर वाढवून कोळसा समुद्रमार्गे बाहेर धाडला.

कराराचे खरे मोल १९३३ मध्ये कळले. ज्यू असल्यामुळे नोकरी गेलेल्या फ्रान्झ बर्नहाइम यांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. परिणामी जर्मन अप्पर सायलेशियात नाझींचे ज्यूविरोधी कायदे स्थगित ठेवावे लागले. उर्वरित जर्मनीत ते लागू असताना येथील ज्यूंना हा आधार होता. १५ जुलै १९३७ रोजी मुदत संपली आणि तो गेला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला दोन्ही सरकारांनी अल्पसंख्याकांविषयी जाहीरनामे काढले. त्यांत आयोग नव्हता, लवादही नव्हता.