दुर्मीळ कर्करोग संशोधनासाठी शासकीय अनुदान : सातारा–सांगली परिसर

दुर्मीळ कर्करोगांवरील संशोधनासाठी केंद्र शासनाच्या आरोग्य व विज्ञान संस्थांकडून मिळणारा निधी आणि तो मिळवण्याची अर्जप्रक्रिया. या पैशातून रुग्णाचे बिल भागत नाही. संशोधनाला लागणारी माणसे, रसायने, उपकरणे आणि प्रवास यांसाठी तो असतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण सांगली-साताऱ्याकडे ‘अनुदान’ म्हटले की पहिल्यांदा ठिबक सिंचन आठवते, नाहीतर विनाअनुदानित शाळेतल्या मास्तरांचे आंदोलन. उपचारांच्या मदतीसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या वेगळ्या वाटा आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाच्या नावात ‘दुर्मीळ’ असले, तरी त्याचा भर मुख्यतः जनुकीय आजारांच्या उपचारांवर आहे. कर्करोगाचा संशोधक तिथे प्रस्ताव घेऊन गेला तर हेलपाटाच पडतो.

दुर्मीळ कशाला म्हणायचे : युरोपात वर्षाला लाख लोकांमागे ६ पेक्षा कमी नवे रुग्ण आढळणारा कर्करोग दुर्मीळ मानतात, अमेरिकेत हीच मर्यादा १५ आहे. हे आकडे इकडे जसेच्या तसे लावले की घोळ होतो. तोंडाचा कर्करोग युरोपीय यादीत दुर्मिळांत मोडतो, आणि आपल्याकडे तो पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. कारण उघड आहे, तंबाखूची पुडी. भारतात २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत ५ लाखांहून अधिक नसलेल्या रुग्णांच्या आजारावरील औषधाला ‘ऑर्फन ड्रग’ म्हटले आहे, पण ती व्याख्या औषधाची आहे, आजाराची नव्हे. त्यामुळे आपण निवडलेला कर्करोग दुर्मीळ का मानायचा आणि तो कोणत्या मोजणीने, हे अर्जाच्या पहिल्या पानावर अर्जदारालाच मांडावे लागते. मोजणीसाठी आधार लागतो तो कर्करोग नोंदणीचा, म्हणजे ठरावीक भागातल्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासूनची. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१ चा, आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी १९८७ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. माणदेश वा जतचा ग्रामीण समाज डोळ्यांसमोर ठेवून लिहिणाऱ्याला मुंबईपेक्षा बार्शीचे आकडे जवळचे.

जिल्ह्याचा हिशेब : २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार आणि साताऱ्याची ३० लाख ३ हजार होती. लाखामागे ६ ही वरची मर्यादा धरली तरी एका दुर्मीळ कर्करोगाचे सांगलीत वर्षाला जास्तीत जास्त १७० रुग्ण होतात. खरे दुर्मीळ प्रकार लाखामागे अर्ध्याच्या आसपास असतात, म्हणजे १४ रुग्ण. त्यातले काही मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जातात, काही पुण्या-कोल्हापुरात, आणि काही निदानापर्यंत पोचतच नाहीत. एका रुग्णालयाच्या वाट्याला चार-पाच आले तरी पुष्कळ. अशा आकड्यांवर ‘२०० रुग्णांची तुलनात्मक चाचणी, कालावधी ३ वर्षे’ असा प्रस्ताव गेला की परीक्षक पुढचे पान उलटत नाही. त्यापेक्षा कमी रुग्णांवर भागणारी रचना निवडावी लागते. १९८९ मध्ये मांडलेली सायमन यांची दोन टप्प्यांची पद्धत त्यातली सर्वांत सरावाची : पहिल्या थोड्या रुग्णांत औषधाचा ठरावीक गुण दिसला नाही, तर चाचणी तिथेच थांबवायची. दुसरा मार्ग म्हणजे अनेक केंद्रांची मोट बांधणे.

निधी कोठून : मुख्य दार आयसीएमआरचे. तिच्या बाह्य संशोधन योजनेत २ कोटी रुपयांपर्यंतचे लघु अनुदान आणि २ ते ८ कोटींचे मध्यम अनुदान असे प्रकार आहेत, आणि अर्ज ऑनलाइन प्रणालीवरच भरायचा असतो. आरोग्य संशोधन विभाग (२००७), जैवतंत्रज्ञान विभाग (१९८६) आणि २०२३ च्या कायद्याने उभे राहिलेले, जुने एसईआरबी (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) पोटात घेतलेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान ही बाकीची दारे. अणुऊर्जा विभागाच्या पाठबळावर टाटा मेमोरियलने २०१२ मध्ये उभारलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यात आता ३०० हून अधिक केंद्रे आहेत. दुर्मीळ आजाराची मोट बांधायला याहून सोयीची जागा नाही. खासगी वा विश्वस्त संस्थेला सहसा डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता दाखवावी लागते. शासकीय महाविद्यालयाला ती अडचण नसते, पण तिथे अर्जावर अधिष्ठात्यांची सही वेळेत मिळणे हाच एक प्रकल्प होऊन बसतो. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. प्रस्ताव लिहायचा हात तिथे बसतो.

परिसरात यासाठी मुळात जमीन चांगली आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कराडला १९८४ पासून कृष्णा संस्थेचे.

ब्लॉकचा कप्पा : अर्ज दिल्लीत मंजूर होत असला, तरी त्याचे खरे बळ पॅथॉलॉजी विभागातल्या लोखंडी कपाटात असते. गाठीचा काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात. त्याला सगळे जण ‘ब्लॉक’ म्हणतात. काडेपेटीहून लहान, एका बाजूला प्लॅस्टिकची जाळी, त्यावर पेन्सिलीने घातलेला क्रमांक. साध्या तापमानाला तो वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यातून आजही डीएनए काढता येतो. मात्र पहिल्या दिवशी काय झाले यावर सगळे अवलंबून. तुकड्याच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मलिन हवे. तालुक्याच्या दवाखान्यातून तो सलाइनच्या पाण्यात, अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून एसटीने आला, तर दहा वर्षांनी सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्याच्या, यंत्रात त्यातून काही निघत नाही. यूइंग सार्कोमासारख्या हाडाच्या कर्करोगात बहुधा ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांमधली अदलाबदल असते. ती दाखवता आली की निदान पक्के होते, आणि ती दाखवायला नीट राखलेला ब्लॉक कामी येतो.

ब्लॉक हरवण्याची तऱ्हाही ठरलेली आहे. ‘मुंबईला दाखवतो’ म्हणून नातेवाईक स्लाइड आणि ब्लॉक मागतात. रजिस्टरमध्ये सही होते, प्लॅस्टिकच्या पिशवीतून ब्लॉक रेल्वेत बसतो, आणि परत येत नाही. तो रुग्णाच्याच शरीराचा भाग असल्याने द्यावाच लागतो, अडवणे चूक. पण देण्याआधी दोन-चार जादा काप काढून ठेवणे आणि रजिस्टरमध्ये ‘परत आला’ असा रकाना आखणे यांना पैसे पडत नाहीत. ज्या विभागाने हे दहा वर्षे केले, त्याच्या अर्जात ‘प्राथमिक निष्कर्ष’ या मथळ्याखाली लिहायला काहीतरी असते. बाकीचे तिथे परदेशी निबंधांचा सारांश देतात. सांगलीत त्या जागी हळद घालण्याचाही मोह होतो. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे, पण कर्क्युमिन हा हळदीतला मुख्य घटक आतड्यातून रक्तात फारच कमी उतरते, आणि त्यावर उत्तर नसलेला प्रस्ताव मानांकनाने तरत नाही.

पाठपुरावा : रुग्ण पुढे किती जगला हे कळल्याशिवाय दुर्मीळ कर्करोगाचा अभ्यास पुरा होत नाही, आणि या परिसरात नेमके तेच अवघड आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाईवाली कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली. पाटण-जावळीची माणसे माथाडी म्हणून मुंबईत. केसपेपरवर पत्ता विट्याचा, उपचार मिरजेत आणि राहणे केरळात, असा रुग्ण सहज सापडतो. नोंदणीच्या नियमाने किमान वर्षभर राहतो ती जागा धरायची. जत्रेला येतो ती नव्हे. म्हणून मनुष्यबळाच्या मथळ्यात फोन करणारा, गावाकडच्या चुलत्याचा नंबरही टिपून ठेवणारा एक कार्यकर्ता मागणे हे महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगाचे ठरते. परीक्षकाला ते किरकोळ वाटू नये म्हणून कारण मात्र नीट लिहावे.

नैतिकता समिती आणि मराठी : २०१७ च्या आयसीएमआर मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती अनिवार्य आहे. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी, आणि परदेशी संस्था भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता, ही वेळखाऊ कामे अर्जासोबतच हाती घ्यावी लागतात. संमतिपत्र मराठीत हवे, आणि बहुतेकांचे इथेच बिघडते. मराठी विश्वकोशाचे काम ज्या वाईत चालते तिथून तासाभरावर बसून कोणी ‘ऊतिविकृतिशास्त्रीय नमुन्याचे जतन’ असे लिहिले, तर कोशात ते शोभेल. खटावची बाई मात्र म्हणते, ‘तुकडा तपासायला दिलाय.’ संमतिपत्रातही तुकडाच लिहावा. उरलेला तुकडा ठेवून घेऊ का, पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरू का, आणि नाही म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत, एवढे तीन वाक्यांत सांगता येते.

पैसा आणि मार्चअखेर : अंदाजपत्रकात मनुष्यबळ, उपकरणे, आवर्ती खर्च, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा अधिभार असे मथळे असतात, आणि प्रत्येकाखाली कारण द्यावे लागते. खरेदी बहुधा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. उणे ८० अंशांचा फ्रीझर मागताना त्याच्या जोडीला जनरेटर आणि वरच्या मजल्यावरची खोलीही मागावी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे साठवणीची जमिनीखालची कोठारे, २००५ च्या महापुरात बुडाली, तळमजल्यावरच्या नमुन्यांचे वेगळे काय होणार? दिल्लीतल्या परीक्षकाला ही नदी ठाऊक नसते, म्हणून पुराचे आकडे अर्जातच घालावेत.

पुढचा हप्ता मागच्या खर्चाच्या हिशेबावर सुटतो. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला १२-अ नमुना, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, त्याला तोंडी भाषेत ‘यूसी’. लेखा विभागाने तो अडवून धरला की प्रकल्पावरच्या मुलांचे पगार लटकतात, आणि चांगला तंत्रज्ञ तेवढ्यात पुण्याला निघून जातो. शिकवून तयार केलेला माणूस गमावणे हे या कामातले सर्वांत मोठे नुकसान, आणि ते कोणत्याच मथळ्याखाली दाखवता येत नाही.

अनुदानातून घेतलेली उपकरणे प्रकल्प संपल्यावरही निधी देणाऱ्या खात्याच्या परवानगीवाचून विकता वा मोडीत काढता येत नाहीत. फ्रीझर त्याच खोलीत राहतो, अंगावर प्रकल्प क्रमांकाची पट्टी घेऊन. आतले नमुने गोठलेले राहावेत म्हणून तो चोवीस तास चालू ठेवावा लागतो, आणि त्याचे वीजबिल त्या महिन्यापासून महाविद्यालयाच्या खात्यावर पडू लागते.