अवकाश सौरऊर्जा

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहावर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करून ती सूक्ष्मतरंगांच्या (मायक्रोवेव्ह) किंवा लेसरच्या झोताने जमिनीवर पाठविण्याची योजना. वातावरणाबाहेर सूर्यकिरणांना लंब असलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट शक्ती पडते. ३५,७८६ किमी. उंचीवरील भूस्थिर कक्षेत, म्हणजे जेथून उपग्रह पृथ्वीवरील एकाच ठिकाणावर स्थिर दिसतो त्या कक्षेत, विषुवदिनांच्या आगेमागे पृथ्वीच्या सावलीमुळे रोज फार तर ७२ मिनिटांचे ग्रहण लागते. एरवी ऊन अखंड असते. ठाणे-नवी मुंबईच्या गच्च्यांवरील सौरपटलांची वीज आषाढ-श्रावणात ढगांमुळे घटते, २.४५ गिगाहर्ट्‌झचे सूक्ष्मतरंग मात्र भर पावसातूनही जवळजवळ पूर्णपणे पार होतात.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. काहीजण तो रशियन अवकाशविज्ञानाचे प्रवर्तक त्सिओल्कोव्हस्की यांच्या लेखनापर्यंत मागे नेतात, तर काहीजण अग्निबाणविद्येचे जर्मनभाषक प्रवर्तक हेरमान ओबेर्ट यांनी १९२० च्या दशकात सुचविलेल्या अवकाशातील आरशांपर्यंत. परंतु ते आरसे प्रकाश परावर्तित करणारे होते, वीज पाठविणारे नव्हते. आयझॅक असिमॉव यांच्या १९४१ मधील एका विज्ञानकथेत ऊर्जेचा झोत सोडणारे अवकाशस्थानक येते. तथापि विजेची निर्मिती, तिचे प्रेषण आणि जमिनीवरील स्वीकार ही सबंध साखळी अभियांत्रिकीच्या भाषेत अमेरिकी अभियंते पीटर ग्लेसर यांनी १९६८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली व १९७३ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळविले. त्यामुळे आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र १९६४ मध्येच सूक्ष्मतरंगांच्या शक्तीवर छोटे हेलिकॉप्टर अधांतरी ठेवणारे अमेरिकी अभियंते विल्यम ब्राउन यांचे श्रेय त्याबरोबर झाकले जाऊ नये. त्यांच्याच सहभागाने १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किमी. अंतरावर ३० किलोवॅटहून अधिक शक्ती पोहोचविण्यात आली.

जमिनीवर झोत स्वीकारणाऱ्या यंत्रणेस रेक्टेना म्हणतात. तिच्यातील प्रत्येक घटक म्हणजे बोटभर, सुमारे ६ सेंमी. लांबीची धातूची अँटेना आणि तरंगांचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा डायोड; असे असंख्य घटक जाळीवर बसवितात. खरी अडचण विवर्तनाची, म्हणजे तरंगांचा झोत दूर जाताना आपोआप पसरण्याची, आहे. सुमारे १२ सेंमी. तरंगलांबीचा झोत एक किमी. व्यासाच्या अँटेनातून सोडला, तरी भूस्थिर कक्षेतून खाली येईपर्यंत तो सुमारे १० किमी. पसरतो, आणि अँटेना निम्मी केल्यास हा पसारा दुप्पट होतो. त्यामुळे क्षमता कमी ठेवली तरी अँटेना व रेक्टेना लहान करता येत नाहीत; म्हणूनच १९७० च्या दशकाअखेरच्या अमेरिकी आराखड्यात एकेका उपग्रहाची क्षमता ५ गिगावॅट धरली होती. झोताच्या मध्यभागी तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे २३० वॅट, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या जेमतेम चतुर्थांश, राहते.

या आराखड्यात ३५ अंश अक्षांशावर रेक्टेना १० × १३ किमी. लंबवर्तुळाकार येते. ठाण्याच्या १९ अंश अक्षांशावर उपग्रह डोक्यावरून फारसा कललेला नसल्याने ती १० × ११ किमी. होईल, हे सुमारे ८५ चौ. किमी. क्षेत्र नवी मुंबईसाठी अधिसूचित ३४४ चौ. किमी.च्या चतुर्थांशाएवढे भरते. जाळीतून ऊन-पाऊस खाली जात असल्याने तिच्याखाली शेती शक्य असल्याचे सुचविले जाते. ठाणे खाडीची खाजणे मोकळी दिसतात, परंतु तेथे तिवरे आहेत आणि रोहित पक्ष्यांचे अभयारण्यही आहे. ती जागा या कामी विचारात घेऊ नये.

२०२३ मध्ये कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेच्या उपग्रहावरून सोडलेला क्षीण झोत पॅसाडेना येथील इमारतीच्या छतावर टिपला गेला.