चिपाडाची राख, चुनखडी आणि ११७० अंश

शाहू स्मारक भवनात सिरॅमिकच्या भांड्यांचं प्रदर्शन लागलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "ताई, ह्याला रंग कुठला मारलाय?" आणि पाठोपाठ, "धुतल्यावर जाणार न्हाई न्हवं?" माझी एक मैत्रीण कोल्हापुरातच राहून, पुस्तकं वाचत आणि भांडी फोडत ही कला आपली आपण शिकली. हा प्रश्न आला की ती नुसती हसते. मला मात्र गप्प बसवत नाही. अहो, तो रंग नाही, काच आहे! भांड्यावर पूड लावून जागच्या जागी वितळवलेली काच. तिला ग्लेझ म्हणतात.

आता काच म्हणजे मुख्यतः सिलिका, म्हणजे आपली वाळू. शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. मैत्रिणीच्या गॅसभट्टीची धाव १२५० पर्यंत. कुंभाराचा आवा तर त्याच्याही बराच खाली राहतो, म्हणून माठाची माती काचेसारखी वितळत नाही (आणि म्हणूनच तो पाझरतो आणि पाणी गार ठेवतो, ते एक बरंच आहे). मग १२५० अंशांत काच होते कशी?

याचं उत्तर तिला सापडलं उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत. एका फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या आवारात पडलेला हिरवट-काळा खडा तिनं उचलून आणला होता. तो अजून तिच्या खिडकीत आहे. फुटलेल्या बाजूला बाटलीच्या काचेसारखी चमक, कड धारदार, आत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. हे क्युपोला भट्टीतलं, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीतलं स्लॅग, वितळून निघालेली मळी. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवताना क्युपोलात चुनखडी टाकतात. भंगाराला चिकटलेली वाळू आणि कोकची राख तिच्याशी मिळून वितळतात आणि लोखंडावर तरंगतात. फौंड्रीवाले हा कचरा बाजूला काढून टाकतात. हिच्या डोक्यात मात्र तो रंग बसला. कपावर हाच हिरवा हवा.

ग्लेझसाठी राखेची सोय गुऱ्हाळावर झाली. चुलवाणात उसाचं चिपाड जळतं, त्याची राख पोत्यानं मिळते. पुस्तकांत राखेच्या ग्लेझचं कौतुक भरपूर आहे, चीनमध्ये तीनेक हजार वर्षांपूर्वीपासून हे चालू आहे. म्हणून तिनं राख चाळली, पाण्यात कालवली, कपाला लावली आणि भट्टी लावली. बाहेर आला तो पॉलिश पेपरसारखा खरखरीत कप. काहीच वितळलं नव्हतं.

कारण पुस्तकांतली राख लाकडाची. तिच्यात चुना भरपूर असतो. ऊस पडला गवताच्या कुळातला, आणि गवतं जमिनीतून सिलिका उचलून अंगात साठवतात. उसाच्या फडात पाचटानं हात ज्यांचे कापले आहेत त्यांना ही सिलिका चांगली ओळखीची आहे! चिपाडाच्या राखेत म्हणूनच सिलिका उदंड आणि चुना तुटपुंजा.

यापुढचं थोडं अवघड आहे, पण मला सगळ्यात आवडतं ते हेच. सिलिकात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये सामाईक. चहूबाजूंनी विणलेली ही जाळी सहजी तुटत नाही. चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मध्ये आला की तो स्वतःचा ऑक्सिजन देऊन एक जोड तोडतो. जिथं एक पूल होता तिथं दोन सुटी टोकं होतात आणि त्यांच्या ऋण भाराशेजारी कॅल्शियम जाऊन बसतो. गंमत अशी की हा चुना एकटा वितळवायला २५०० अंशांहून जास्त उष्णता लागते. पांढऱ्या मातीतून येणाऱ्या अ‍ॅल्युमिनाला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडला, २००० च्या वर. म्हणजे तिघंही एकट्यानं भट्टीला दाद न देणारे. पण वजनानं ६२ भाग सिलिका, २३ भाग चुना आणि १५ भाग अ‍ॅल्युमिना एकत्र करा, मिश्रण ११७० अंशांना वितळतं. या प्रमाणाला युटेक्टिक म्हणतात.

असं का व्हावं? स्फटिक आपल्या घरात परक्या अणूला सहसा घेत नाही, द्रव मात्र सगळ्यांना सामावून घेतो. जितकी सरमिसळ, तितकी द्रवाची एन्ट्रॉपी, म्हणजे अणूंचा विस्कळीतपणा, जास्त, आणि तितकं द्रव होऊन राहणं कमी तापमानालाही परवडतं. हे प्रत्येक घटकाच्या बाजूनं घडतं. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर हे तीन पदार्थ मांडले आणि वितळण्याचं तापमान उंची म्हणून दाखवलं, तर तिन्ही कोपऱ्यांवर डोंगर उभे राहतात आणि मध्ये खोल दरी दिसते. ११७० हा त्या दरीचा तळ. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाला मीठ लावतात तिथंही हेच तत्त्व. मीठ-पाण्याचा तळ उणे २१ अंशांवर आहे. आणि बीड तरी वेगळं काय? शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं, सव्वाचार टक्के कार्बन मिसळला की साधारण ११५० ला. अख्खं उद्यमनगर या दरीत उतरून पोट भरतं.

मैत्रिणीनं मग राखेत चुनखडी वाढवत नेली, थोडी पांढरी माती कायम ठेवून. प्रत्येक प्रमाणाची एक छोटी टाइल. इथं हिशेब सांभाळावा लागतो, कारण १०० ग्रॅम चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ ग्रॅमच चुना उरतो. टाइल्स ओळीनं मांडल्या तर दरी डोळ्यांनी दिसते. पहिल्या कोरड्या, मग साईसारख्या मंद, मग एक लख्ख, खाली कडेला थेंब जाड होऊन थांबलेला. शेवटच्या चुनाळ आणि परत मंद. राखेत पोटॅशही असतं, तेही वितळायला हातभार लावतं, त्यामुळे पुस्तकातला आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून टाइल्सना पर्याय नाही. आणि हिरवा? राखेत आणि मातीत लोह असतंच. भट्टीची हवा थोडी कोंडली की ते हिरवट छटा देतं, हवा मोकळी ठेवली तर त्याच लोहाचा मधासारखा पिवळा होतो.

अशा भांड्यांना "नैसर्गिक, केमिकल-फ्री" असं लेबल लावून दुप्पट किंमत लावणारे आता भेटतात. सिलिका आणि चुना केमिकल नाहीत तर काय आहेत? आणि शिसंही निसर्गातच सापडतं, जुन्या स्वस्त ग्लेझमध्ये ते सर्रास असे. भट्टीला लिंबू-मिरची बांधणारेही आहेत. त्या लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवावी. सकाळी तिथली चमक गेली असेल तर त्या भांड्यात लोणचं घालू नये. चमक राहिली म्हणजे शिसं नाही असं मात्र नव्हे, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

सध्या तिनं खडी क्रशरची भुकटी आणलीय. आपला काळा पाषाण मुळात लाव्हाच, त्यात सिलिका, चुना, अ‍ॅल्युमिना आणि भरपूर लोह आयतं मिसळलेलं. १२५० ला तो स्वतःच वितळून तपकिरी-काळं ग्लेझ होतो. अडचण राखेचीच आहे. एका फडातल्या उसाला पोटॅश जास्त घातलेलं, दुसऱ्याला कमी, आणि दोन्हींची राख एकाच चुलवाणात. म्हणून या हंगामात तिनं गुऱ्हाळवाल्याला दोन पोती वेगळी भरून ठेवायला सांगितलीत, फडाच्या नावानिशी. "राखेला बी सात-बारा लागतोय व्हय?" म्हणाला, पण भरून ठेवतो म्हणालाय.