तंतू नसलेले स्वरतंतू

ओठ सैल मिटून तोंडातून जोरात हवा सोडून बघा. लहान मुलं खेळण्यातली गाडी पळवताना काढतात तसा फुर्रर्र आवाज येईल. त्या वेळी ओठ सेकंदाला वीस-पंचवीस वेळा उघडतात आणि मिटतात. इतक्या वेगानं ओठ हलवायचे ठरवलं तर कुणालाही जमणार नाही. तुम्ही फक्त ओठ किती सैल ठेवायचे आणि हवा किती सोडायची एवढंच ठरवलंत. फडफड आपोआप झाली. गळ्यात आवाज जन्मतो तोही असाच.

‘स्वरतंतू’मधल्या ‘तंतू’ या शब्दामुळे मात्र हे लक्षात येत नाही. १७४१ साली अंत्वान फेरें या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं मृत स्वरयंत्रांत हवा फुंकून आवाज काढला आणि आतल्या कडांना तंतुवाद्याच्या तारांची उपमा दिली. हवेचा झोत म्हणजे त्या तारांवरून फिरणारा गज. उपमा देखणी होती, म्हणून नावाला चिकटून राहिली. प्रत्यक्षात श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत आलेल्या या मऊ घड्या आहेत. लांबी जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. पुढची टोकं कंठमण्यामागे एकत्र जोडलेली, मागची टोकं दोन चिमुकल्या कूर्चांवर बसवलेली. श्वास घेताना या कूर्चा घड्यांना फाकवतात, बोलायच्या क्षणी जवळ आणतात. घडीच्या गाभ्यात स्नायू असतो, त्यावर जेलीसारखा लिबलिबीत थर आणि सगळ्यात वर पातळ, ओलसर आवरण. स्नायू जागच्या जागी राहतो आणि वरचं आवरण त्याच्यावर लाटेसारखं हलतं. आवाजाची खरी करामत या वरच्या थरात आहे.

घड्या मिटल्या की फुप्फुसातून येणारी हवा खाली अडते. दाब वाढतो आणि घड्यांच्या खालच्या कडा आधी विलग होतात, मग वरच्या. हवेचा एक झोत निसटतो. तोवर खालच्या कडा परत मिटायला लागलेल्या असतात, त्यांच्यामागून वरच्या मिटतात, आणि पुन्हा दाब साठू लागतो. वेगवान हवेचा दाब कमी होतो म्हणून घड्या आत ओढल्या जातात, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. नुसत्या त्या ओढीनं कंप थोड्याच वेळात विरून गेला असता. उघडताना फट वर निमुळती आणि मिटताना वर रुंद असते, त्यामुळे जाताना आणि येताना हवेचा जोर सारखा पडत नाही. हा फरकच घड्यांना दर फेरीला थोडी थोडी ऊर्जा देत राहतो.

यात मेंदू काय करतो? १९५० मध्ये राउल हुसाँ या फ्रेंच संशोधकानं मांडलं की प्रत्येक कंपासाठी मज्जातंतूतून वेगळा आदेश येतो. पण ज्या स्वरयंत्राचा मेंदूशी संबंधच उरलेला नाही, त्यातही हवा फुंकली की घड्या थरथरतात. फेरें यांच्या प्रयोगानं हे दोनशे वर्षं आधीच दाखवलं होतं. १९५८ मध्ये यानविलेम व्हान डेन बर्ग या डच संशोधकानं हवेचा दाब आणि घड्यांची लवचिकता यांच्या जोरावर सगळं नीट उलगडलं. मेंदू घड्या जवळ आणतो, ताणतो, सैल सोडतो. कंप हवेचे असतात.

आणि ते किती! पुरुषांच्या बोलण्यात सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे, स्त्रियांच्या दोनशेच्या आसपास. दोनशेच्या हिशेबानं एक मिनिट सलग ‘आ’ लावला तर घड्या बारा हजार वेळा एकमेकींवर आपटतात. आवाज बसतो तेव्हा याच घड्या सुजून जड झालेल्या असतात; जड घडी सावकाश हलते, नीट मिटत नाही, म्हणून स्वर खाली उतरतो आणि घोगरा होतो. स्वर चढवताना उलट घडतं: घडी ताणली जाऊन लांब होते. लांब तारेचा स्वर खालचा असतो, मग इथे वरचा कसा? कारण ताणल्यावर ती पातळ आणि घट्टही होते, आणि हा परिणाम लांबीवर मात करतो.

गळ्यातून निघतो तो नुसता गुणगुणाट. त्याचा ‘आ’ किंवा ‘ई’ होतो तो घसा, जीभ आणि ओठ यांनी बनवलेल्या पोकळीत. ‘प’ आणि ‘ब’ दोन्ही ओठांवरच घडतात. फरक आहे गळ्यातल्या कंपाचा. कंठावर बोट ठेवून आधी ‘स्स्स्’ आणि मग ‘म्म्म्’ म्हणा, थरथर लगेच हाताला लागेल. व्याकरणातले अघोष आणि घोष ते हेच. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात तर कंठ मिटला की नाद, उघडा राहिला की श्वास आणि ‘ह’ मात्र या दोहोंच्या मधला, अशी मांडणी आहे. गळ्यात डोकावायची काहीही सोय नसताना निव्वळ कानानं आणि जाणिवेनं कुणीतरी हे हेरलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डोकावायची सोय १८५४ मध्ये झाली. मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकानं दंतवैद्याचा लांब दांडीचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या हलत्या घड्या पाहिल्या. पण इतके वेगवान कंप साध्या डोळ्याला धूसरच दिसणार. म्हणून आज कॅमेऱ्यासोबत उघडझाप करणारा दिवा वापरतात. दिव्याची लय कंपांपेक्षा किंचित मागे ठेवली की प्रत्येक लखलखाटात आधीपेक्षा जरा पुढची अवस्था दिसते आणि सगळी हालचाल संथ भासते. डॉक्टर ‘ई’ म्हणायला सांगतात, कारण ‘ई’ला जीभ पुढे सरकून मागची वाट मोकळी होते. पडद्यावर घडीच्या ओल्या आवरणावरून एक लाट सावकाश सरकत जाते. जिथे गाठ किंवा वण असेल तिथे ती अडखळते, आणि डॉक्टरांची नजर तिथेच थांबते.