कागदाचे पंच : धार आणि निगा

कागदातून फूल, पान, चांदणी किंवा नक्षीदार किनार एका दाबात कापून काढणारे हातातले अवजार म्हणजे पंच. शुभेच्छापत्रे, आमंत्रणपत्रिका, अल्बम अशा कागदकामात तो सतत हाताशी लागतो. वापरता वापरता तो जड होतो, आकाराची कड उंदराने कुरतडल्यासारखी निघते, कापलेली टिकली एका टोकाला कागदाला चिकटून राहते. मग पंच बोथट झाला असे ठरते आणि धार लावायचे घरगुती उपाय सुरू होतात. पण बोथट म्हणून बाजूला टाकलेला पंच बऱ्याचदा नुसता मळलेला असतो. खऱ्या अर्थाने धार लावण्याची पाळी सगळे करून झाल्यावर येते, आणि ती घरी मर्यादेतच जमते.

याचे कारण पंचाच्या रचनेत आहे. सुरीला एक पाते असते, ते साणेवर धरून घासले की काम झाले. पंचात कापणाऱ्या कडा दोन असतात : खाली जाणारा आकाराचा ठोकळा आणि त्याच आकाराचे भोक असलेली पट्टी, म्हणजे डाय. कागद या दोन कडांमध्ये सापडून कातरला जातो. कात्रीच्या दोन पात्यांनी जे घडते तेच इथे सगळ्या बाजूंनी एकदम घडते. म्हणून पंचात निव्वळ कडेच्या तीक्ष्णपणाइतकीच ठोकळा आणि डाय यांच्यामधली फट महत्त्वाची असते. धातूचा पत्रा कापणाऱ्या डायमध्ये ही फट पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवतात. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. त्याच हिशेबाने फट ०.००५ ते ०.०१ मिमी येते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. ठोकळ्याची बाजू घासली की ही फट रुंदावते, मग कागद कातरला जाण्याऐवजी फटीत वाकून फाटतो. पंच उघडून ठोकळा कानशीने घासू नये तो याचसाठी. कड चमकते, पण पंच कायमचा जातो.

लागणारा जोर आकाराच्या परिघावर अवलंबून असतो, हेही ध्यानात ठेवावे. २५ मिमी व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ७८.५ मिमी भरतो. त्याच गोलाला अर्धगोल पाकळ्यांची किनार दिली की कापायची लांबी जवळजवळ दीडपट होते. हिमकणासारख्या आकारात तर ती आणखी वाढते. नवाकोरा हिमकण-पंच साध्या गोलापेक्षा जड चालतो तो त्यामुळे. त्यात दोष काही नसतो. फायलींसाठीच्या दोन भोकांच्या पंचात ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवलेली असते. जर्मनीत फ्रीडरिश झोएनेकेन यांनी १८८६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या वंशातला हा पंच. त्याच्या खुंट्यांचे टोक सपाट नसते, त्याला खाच दिलेली असते. कागदाला आधी दोन टोके टेकतात, मग भोक क्रमाक्रमाने कापत जाते. सजावटीच्या बहुतेक पंचांचे तोंड सपाट असल्याने सगळी कड एकाच क्षणी कागदावर बसते आणि जोर जास्त लागतो.

स्वस्त पंचांचे कापणारे भाग पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, वर चकचकीत मुलामा असतो. चांगल्या पंचात पोलादी भाग असतात. जस्ताचा मिश्रधातू मऊ असतो, आणि कागद वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. पांढरेपणा आणि गुळगुळीतपणा यावा म्हणून कागदात चुनखडीची भुकटी आणि केओलिन माती मिसळतात. छपाईच्या कागदात अनेकदा वजनाचा पाचवा हिस्सा या खनिजांचा असतो. हजारो दाबांत ही भुकटी कड झिजवते. पण झिजण्याच्या कितीतरी आधी पंच अडतो तो चिकट्यामुळे. दुहेरी टेप, स्टिकरचा कागद, चमकीचा कागद यांचा डिंक ठोकळ्याच्या अंगाला पातळ थर धरतो. त्यावर कागदाची लव बसते आणि काळपट वळी तयार होते.

म्हणून आधी निदान. साध्या पांढऱ्या कागदावर एक आकार कापावा आणि तो उजेडासमोर धरून भिंगातून पाहावा. पाच पाकळ्यांच्या फुलाची चार पाकळ्यांची कड स्वच्छ आणि पाचवीवर दोन-तीन तंतू उभे दिसत असतील, तर कागद पाऊण फेरा फिरवून पुन्हा कापावे. लव त्याच पाकळीवर राहिली तर कडेला खोक पडली आहे. लव कागदाबरोबर दुसऱ्या पाकळीवर गेली तर दोष पंचाचा नाही : कागदातले तंतू यंत्रावर एका दिशेने बसलेले असतात आणि आडवे कापताना ते जास्त उसवतात. एक अख्खी बाजू स्वच्छ आणि समोरची फाटलेली असेल तर दाब तिरका पडतो आहे. पंच टेबलावर ठेवून तळहाताने सरळ दाबला की हा दोष जातो. सगळीकडे सारखी लव दिसली तरच कड बोथट आहे असे म्हणावे. कापतो बरा पण दाबल्यावर वर येत नाही, अशा पंचाची धार उत्तम असते; तो आतून चिकटलेला असतो.

साफसफाईला कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. ठोकळा अर्धवट खाली दाबून धरावा, खोबणीतून त्याचे अंग सगळ्या बाजूंनी पुसावे, पंच उलटा करून डायच्या भोकातूनही काडी फिरवावी. काडीवर काळे येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. नखांचे पॉलिश काढण्याचा द्रव वापरू नये. त्यात बहुधा अॅसिटोन असते आणि अनेक पंचांची आवरणे ज्या एबीएस प्लॅस्टिकची असतात ते अॅसिटोनमध्ये विरघळते.

पार अडकून बसलेला पंच काही वेळ फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती प्रसिद्ध आहे आणि ती लागू पडते. धातू आकसून फट मोकळी होते, हे तिचे नेहमी दिले जाणारे कारण मात्र पटण्यासारखे नाही. ठोकळा आणि डाय एकाच धातूचे असतील तर दोन्ही सारखेच आकसतात, त्याने फट वाढत नाही. थंडीने डिंकाचा चिवटपणा जातो, तो ताठर होऊन सुटतो, हे अधिक सयुक्तिक. बाहेर काढल्यावर पंचावर दव धरते, ते लगेच पुसून पंच कोरडा करावा, नाहीतर पोलादी भागाला गंज चढतो.

स्वच्छ झालेला पंच तरीही लव सोडत असेल तर अॅल्युमिनियमचे फॉइल घ्यावे. स्वयंपाकघरातले साधे फॉइल ०.०१५ मिमीच्या आसपास जाडीचे असते. त्याच्या तीन-चार घड्या करून दहा-पंधरा आकार जवळजवळ कापावेत. याला सर्रास धार लावणे म्हणतात, पण अॅल्युमिनियम पोलादापेक्षा खूपच मऊ. ते पोलादाचा कणही घासून काढत नाही. होते ते वेगळे. वापराने कडेचा बारीकसा धातू एका अंगाला वळतो, कारखान्यात त्याला बर म्हणतात. फॉइल कापताना तो बर पुन्हा सरळ बसतो किंवा निघून जातो, आणि फटीत अडकलेली लव बाहेर ढकलली जाते. न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतो त्या जातीचे हे काम आहे. फॉइलने नुकसान जवळजवळ होत नाही, म्हणून ते बेलाशक करावे. एकदा करून फरक पडला नाही तर पन्नासदा करूनही पडणार नाही, हेही तितकेच खरे.

पॉलिश पेपरची गोष्ट निराळी. त्यावरचे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण पोलादालाही घासतात, जस्ताचा तर निभावच लागत नाही. घ्यायचाच तर ४०० ते ६०० नंबरचा बारीक घ्यावा. चार-पाच आकार खरखरीत बाजू वर ठेवून आणि तितकेच खाली ठेवून कापावेत, आणि थांबावे. त्याने तोंडाची कड थोडी ताजी होते, पण दर दाबाला ठोकळ्याचे अंगही खरडले जाते, म्हणजे फट वाढते. पोलादी, मोठ्या आणि साध्या आकाराच्या पंचाला वर्षाकाठी एखाद्या वेळी हा उपाय चालतो. सुईच्या टोकासारखे बारीक कोपरे असलेल्या नक्षीवर तो करूच नये. कोपरे गोल होतात आणि ते परत येत नाहीत. पॉलिश पेपर वापरल्यावर पंच उलटा आपटून आणि बारीक कुंचल्याने झाडून कण काढणे अत्यावश्यक आहे. आत राहिलेला कण पुढच्या प्रत्येक दाबाला घासत राहतो.

नेहमीच्या निगेसाठी मेणकागदाइतके चांगले काही नाही. दोन-चार आकार मेणकागदातून कापले की मेणाचा अतिपातळ थर अंगाला लागतो आणि पंच हलका होतो. शिवणयंत्राचे तेल फक्त खटक्याच्या सांध्याला आणि स्प्रिंगला, तेही सुईच्या टोकाने थेंबभर. ठोकळ्याला तेल लागले की पुढच्या कागदावर पारदर्शक डाग उमटतात, शिवाय त्यावर लव अधिक जमते.

पतंगाच्या कागदासारखा तलम कागद पंचात फाटतो तेव्हा तो दोन साध्या कागदांच्या मध्ये ठेवून कापावा. आधार मिळाल्याने तो फटीत वाकत नाही. फेल्ट आणि कापड पंचात घालूच नये. त्यांचे धागे कापले न जाता फटीत ओढले जातात आणि ठोकळा तिथेच रुततो.

चामड्यावर हातोडीने ठोकायचा पोकळ नळीसारखा पंच या साऱ्याला अपवाद आहे. त्याला जोडीची डाय नसते, एकच कड असते. त्यामुळे तो बाहेरच्या उतारावरून दगडावर गोल फिरवत खुशाल घासता येतो.

ठेवताना कोरड्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावेत. बऱ्याच पंचांना दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवण्याची खिटी असते. त्या अवस्थेत ठोकळा डायच्या आत बसून राहतो. त्या दिवशी स्टिकर कापले असतील तर अंग पुसल्याशिवाय खिटी लावू नये. डिंक आतल्या आत वाळतो आणि महिनाभराने पंच उघडत नाही.